बैठकीनंतरची चार घरं

सर, तिची अट आहे की आधी तुम्हाला सांगायचं, मगच ती येईल. म्हणून सकाळी आंघोळ आटोपून कागद घेऊन बसले आहे. ती म्हणजे आपल्या लेझीम पथकातली शेवटच्या रांगेतली, डावा पाय जरा आखूड असलेली. तिला पथकातून काढा असं मुख्याध्यापिकाबाईंनी तुम्हाला दोनदा सुचवलं होतं, आणि तुम्ही दोन्ही वेळा "बघतो" म्हणालात आणि काही बघितलं नाहीत. आज चार वाजता ती माझ्याकडे येणार आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता सरांना सांगायचं म्हणजे कसं, असं मी तिला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "ते तू बघ. पत्र लिही, नाहीतर भिंतीला सांग. पण सांग. मग मी येईन. एकदाच उभी राहीन. पडले तर त्या खेळाचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढायचं नाही, कळलं?" मी कळलं म्हटलं. तिला आज शेवटच्या बाणापर्यंत पोचवायचंच असं मी ठरवलं आहे, आणि त्यासाठी जे जे करायला हवं ते सगळं झालं आहे, हे एक सोडून.

खेळ कसला ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून "मुद्द्याचं बोल" म्हणाल. जमिनीवर एक चौरस पॅड असतो, त्यावर चार बाण: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मध्ये उभं राहायचं. समोर पडद्यावर गाणं सुरू होतं आणि खालून बाण वर चढू लागतात. बाण वरच्या रेघेला टेकला की त्याच क्षणी पॅडवरच्या त्याच बाणावर पाय पडला पाहिजे. पडला तर शाबासकी, नाही तर बाजूची एक पट्टी थोडी कमी होते, आणि पट्टी संपली की खेळ गाण्याच्या मध्येच बंद. मी हा पहिल्यांदा पाहिला परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये. कॉलेजातली पोरं त्यावर नाचत होती आणि मी भाजीची पिशवी धरून अर्धा तास उभी होते. हे तर आपलंच की, असं मला वाटलं. एक, दोन, तीन, चार. पण मला नाद लागला तो खेळण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचा. गाणं तयार असतं, बाण कोणीतरी बसवावे लागतात. कोणत्या ठोक्याला कोणता पाय, कुठे दोन्ही पाय एकदम, कुठे गिरकी, हे कोणीतरी घरी बसून एकेक बाण ठेवून ठरवतं. त्याला चार्ट म्हणतात. जगभरची हौशी माणसं असे चार्ट करून एकमेकांना फुकट वाटतात. बारा वर्षं झाली, मी त्यांतली एक आहे.

आणि बऱ्यापैकी नावाजलेली आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. दिवसभर दादरच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते, जिने आणि संडास जास्त, आणि घरी आल्यावर बाण. माझे चार्ट अवघड म्हणून ओळखले जातात. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत अशी माणसं कुठल्या कुठल्या देशांतून मला लिहितात की तुझ्या चार्टनं आमच्या गुडघ्यांचं वाटोळं केलं, आणि आमच्यात ते कौतुक असतं. सोप्या पातळीचा चार्टही सोबत द्यावा लागतो, तो मी आजवर उरकत आले. अवघडातले निम्मे बाण खोडले की सोपा तयार, अशी माझी रीत. ठाकूरद्वारच्या चाळीत राहते, वरच्या मजल्यावर, फळ्यांच्या जमिनीवर. म्हणून पॅडखाली रबराचे दोन थर घातले आहेत, तरी खालच्या काकूंना कळतंच. त्यांची झोप दुपारी दोन ते चार. एकदा मी तीन वाजता उडी मारली तर वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय गं, चाळ पाडायचं कंत्राट तुला मिळालंय का?" तेव्हापासून चारनंतरच. आजची वेळ तशी ठरली आहे.

मध्यंतरी आमच्या हौशी मंडळींत टूम निघाली की प्रत्येकानं आपल्या गावचं, दुसऱ्या कोणाकडे नसेल असं काहीतरी आणायचं. मला लगेच तुमची वही आठवली. गणिताची चौकटींची वही, खाकी कव्हर घातलेली. तुम्ही प्रत्येक डाव तिच्यात उतरवून ठेवला होता. एका मोजणीला एक घर, लाल रिफिलनं डावा पाय, निळीनं उजवा, दिशेला बाण. चार आवाज, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, आणि दर थोड्या वेळानं बैठक, म्हणजे दोन्ही पाय एकदम टेकून खाली बसायचं. मी आज जे करते तेच तुम्ही पी.टी.च्या खोलीत बसून करत होतात, फक्त पडदा नव्हता. दोन संध्याकाळींत मी सगळी वही संगणकावर चढवली. मध्ये मध्ये रिकामी घरं होती, कुठे दोन, कुठे चार. मला वाटलं तुम्ही दुरुस्तीला जागा सोडली असेल. मी ती गाळली आणि डाव एकाला एक जोडले. कुठून तरी मिळालेला तालाचा एक तुकडा खाली लावला, एकसारखा, जराही मागेपुढे न होणारा. सगळं घट्ट बसलं आणि मी स्वतःवर खूश झाले.

त्याच सुमारास ती फराळ घेऊन आली. ती अजून गिरगावातच राहते, सरकारी कचेरीत आहे, दिवाळीला डब्यांची देवाणघेवाण चालते. पण लेझीमचा विषय आम्ही दोघींनी इतक्या वर्षांत कधी काढला नव्हता. पॅड बघून म्हणाली, "हा काय वजनकाटा?" मी सांगितलं की सरांचे डाव आहेत, बघ तरी उभी राहून, सोपी पातळी लावते. ती चप्पल काढून उभी राहिली. पहिले दोन डाव तिनं बरोबर उचलले आणि हसली, सर, ती तोंड उघडून हसली. मग दोन्ही पायांचे बाण आले. नुसतं दोन्ही बाणांवर उभं राहिलं तरी पुरलं असतं, पण तिच्या अंगाला आठवत होतं आणि ती खरोखरच बैठकीत बसली. पुढचा बाण लगेच आला. ती अर्धी उठली, डावा पाय वेळेत आला नाही, तिनं कपाटाला हात घातला आणि वरचा डबा खाली आला. चकल्या खोलीभर. तोवर पट्टी संपून पडदा काळा झाला होता. मी चकल्या गोळा करत काहीतरी बोलत होते, नवीन आहे, अजून दुरुस्त करायचंय वगैरे. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "तू तेव्हाही अशीच होतीस." आणि डबा न घेताच गेली.

तेव्हा म्हणजे कधी, हे मला विचारावं लागलं नाही. शाळेचं मागचं अंगण, सकाळचे सात, बत्तीस जण आठ-आठच्या चार रांगांत, हातात लेझमी. शिपाईमामा जिन्याच्या पायरीवर बसून हलगी शेकवतायत. मी सगळ्यांच्या पुढे एकटी, गळ्यात शिट्टी, कारण मी उंच आणि माझा आवाज मोठा. तुम्ही माझ्यासमोर भिंतीला टेकून उभे. डाव संपतो, सगळे थांबतात, मामा बोटांनी हलगी हळू खुळखुळवत ठेवतात. तुमची नजर माझ्या डोक्यावरून मागे जाते, जरा रेंगाळते, मग तुमची मान हलते आणि मी शिट्टी मारते. रोज असंच. मला वाटायचं, रांगा सरळ आहेत का ते तुम्ही बघताय. तो थांबा डावाचाच भाग आहे हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मला कधी सुचलं नाही. मला शिट्टी मारायला मिळत होती, एवढं पुरेसं होतं.

स्पर्धेच्या दिवशी दादरच्या मैदानावर शिक्षकांना दोरीच्या मागे, परीक्षकांच्या पाठीशी बसवलं होतं. आमची पाळी यायच्या आधी तुम्ही मला बाजूला घेतलंत. "मी समोर नसणार. घाई करू नकोस. रांग बघून शिट्टी मार." मी हो म्हटलं. आमच्या आधीच्या शाळेनं काय वेग धरला होता, सर, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते माझ्या डोक्यात बसलं. रांग बघायची तर मागे वळायला हवं, आणि पुढारी मुलगी मागे वळून बघतेय हे परीक्षकांना दिसलं तर गुण जातील, असं मी माझं ठरवलं. मी एकदाही वळले नाही. एक डाव संपला की लगेच शिट्टी. मामा पहिल्या दोन डावांना मागे राहिले, मग बिचारे माझ्यामागे धावत सुटले. बैठक आली. मी बसले, उठले, शिट्टी मारली. आणि मागून एक लेझीम पडल्याचा आवाज आला. बत्तीस लेझमींचा आवाज एक असतो आणि एका लेझमीचा अगदीच वेगळा असतो. तेव्हाही मी वळले नाही. डाव पूर्ण केला, सलामी दिली, आणि मगच बघितलं. ती मातीत बसली होती आणि तुम्ही दोरीखालून वाकून तिच्याकडे चालत निघाला होतात.

आता ते, जे सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी पी.टी.च्या खोलीत तुम्ही मला आणि मामांना बोलावलंत. ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, "पुढे कोण गेलं?" आणि मी म्हटलं, "हलगी पुढे गेली, सर. मी हलगीबरोबर गेले." मामा माझ्याकडे बघत राहिले. मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "आसात, सर. हात फुडे गेलो आसात." त्यांची पोरगी माझ्याच वयाची होती, गावाला असायची. तुम्ही मामांना जा म्हणालात. ते गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "शिट्टी टेबलावर ठेव." मी ठेवली. पुढच्या सोमवारी ती दुसऱ्या मुलीच्या गळ्यात होती. मी आठ दिवस रडले आणि आईला सांगितलं की सरांनी अन्याय केला. हलगी पुढे गेली नव्हती, सर. मी गेले होते, आणि मला तेव्हाही माहीत होतं. मामांच्या अंगावर ढकललं कारण ते उलटून बोलणार नाहीत हेही मला माहीत होतं. तुम्ही ओळखलं होतंत, म्हणून शिट्टी काढून घेतलीत, हे मला मोठी झाल्यावर समजलं. पण तुम्ही ओळखणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. ते राहिलं होतं. मामा निवृत्त होऊन कोकणात गेले आणि तिकडेच वारले, त्यांना सांगायचंही राहिलं, आणि ते आता राहूनच गेलं.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही मला ही वही दिलीत. मला नवल वाटलं होतं, कारण त्या दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोलला होतात. "ठेव तुझ्याकडे. रिकाम्या घरांत काही लिहू नकोस," म्हणालात. मला वाटलं, नीट सांभाळ, गिरगटू नकोस, असं म्हणताय. वही सांभाळली मी. एक डाग पाडला नाही. आणि पंचवीस वर्षांनी सगळी रिकामी घरं बिनदिक्कत पुसून टाकली.

ती चकल्यांचा डबा टाकून गेली त्यानंतर मी वही पुन्हा उघडली, चूक शोधायचीच म्हणून. पहिल्या पानापासून एकेक घर मोजत गेले. ऑफिसात नकाशा तपासते तसं, पेन्सिल हातात धरून. आणि मला दिसलं की रिकामी घरं कशीही सोडलेली नाहीत. साध्या डावानंतर दोन. गिरकीनंतर दोन. बैठकीनंतर चार. प्रत्येक बैठकीनंतर, वहीभर, न चुकता चार. बैठकीतून उठायला वेळ लागतो. पहिल्या रांगेला दोन घरं पुरतील, शेवटच्या रांगेतल्या एका मुलीला चार लागतात, आणि तुम्ही सगळ्या पथकाला चार दिली होतीत. पुढची पोरंसुद्धा तेवढी थांबायची, म्हणून सगळ्या लेझमी एकदम उचलल्या जायच्या. बघणाऱ्याला वाटायचं काय शिस्त आहे. मी जमिनीवर बसून ती पानं उलटत राहिले आणि मला स्वतःची अतिशय लाज वाटली.

मग मी ठरवलं की हे नीट करायचं, आणि सोपा चार्ट आधी करायचा. एकसारखा ताल फेकून दिला. लालबागला एक हलगीवाला आहे, बँजो पार्टीत वाजवतो, त्याला गाठलं. त्यांच्या सरावाच्या खोलीत माइक लावला तर तो विचारतो, "मॅडम, कानात मोजणीची टकटक लावून वाजवू की मोकळं? टकटकीवर वाजवलं तर तुम्हाला सोपं, पण हलगी मरते." मी म्हटलं मोकळं वाजव, बाण मी बघते. त्याला डाव आणि थांबे म्हणून दाखवले. मग तो म्हणाला, "शिट्टी कोण मारणार?" माझ्या ते डोक्यातच नव्हतं. मीच मारणार, दुसरं कोण होतं तिथे? कोपऱ्यावरून शिट्टी आणली. ती तोंडाला लावताना मी भिंतीकडे तोंड केलं. घरी येऊन आवाज संगणकावर पसरला. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं, हलगीचा ठोका म्हणजे एक सुळका, शिट्टीचा दुसरा. आणि काय बघते, तर प्रत्येक वेळी माझ्या शिट्टीचा सुळका हलगीच्या आधी. केसभर, पण आधी. एकही सुटला नव्हता. वाटलं असतं तर चार बटणं दाबून शिट्ट्या मागे सरकवल्या असत्या, कोणाला कळलं नसतं. पण मी दुसऱ्या शनिवारी पुन्हा लालबागला गेले. हलगीवाला वैतागला. "अहो मॅडम, तुम्ही माझी वाट बघा ना जरा! मी कुठं पळून जातोय?" अकराव्या वेळेला जमलं. त्यानंतर पाच आठवडे प्रत्येक ठोका हातानं मोजून बाण ठेवले, कारण मोकळ्या हलगीचा वेग सारखा बदलतो. आणि बैठकीनंतर चार घरं रिकामी सोडली. एकही बाण नाही.

गुरुवारी तिला फोन केला. चार्टचं सांगितलं, मग दादरच्या मैदानाचं सांगितलं, मामांचंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय नवीन सांगतेस? शेवटच्या रांगेतून सगळ्यांच्या पाठी दिसतात. तुझी पाठ एकदा पण वळली नाही." मी म्हटलं चुकलं माझं. ती म्हणाली, "ते आहेच. आणि हे बघ, मला सोप्पं करून देऊ नकोस. दया बिया नको. पाय उचलायला वेळ दे, बाकी मी बघते." आणि मग ती तुम्हाला सांगायची अट. सांगितलं, सर. पावणेचार झाले आहेत. खाली काकूंच्या खोलीत भांडी वाजतायत, म्हणजे त्या उठल्या. मी पॅड पुसून ठेवते.

साडेसहा वाजून गेले. ती दहा मिनिटं उशिरा आली, आणि जिना चढून दम लागलेला तरी पहिलं वाक्य, "सांगितलंस?" मी कागद दाखवले. ती म्हणाली, "वाचून दाखवू नको. लाव." चहालाही थांबली नाही. साडीचा पदर खोचला, चप्पल काढून पॅडवर उभी राहिली, आणि मी तिच्या मागे, कपाट आणि तिच्यामध्ये. तर म्हणते, "तिथून बाजूला हो. मी पडायला आलेली नाही." मी खिडकीशी गेले. शिट्टी झाली, हलगी सुरू झाली. चार आवाज तिनं नीट केले. पवित्र्यात तीन बाण सुटले, पट्टी खाली आली. मग दोन्ही बाण एकदम. ती बसली. अर्धवट नाही, पूर्ण बसली, एक हात गुडघ्यावर. पडदा रिकामा झाला. नुसती हलगी खुळखुळत होती. एक घर, उजवा पाय रोवला. दोन, हातानं रेटा दिला. तीन, डावा पाय आला. चौथ्या घराला ती उभी होती, सरळ, आणि मग शिट्टी. पुढचा बाण तिनं अगदी बरोबर उचलला.

अशा तीन बैठका आहेत. तिसरीत, पडदा रिकामा असताना, उठता उठता ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "इथे सर माझ्याकडे बघायचे. मी उभी राहिले की मान हलायची." मी रोज तुमच्यासमोर उभी होते, सर, हातभर अंतरावर, आणि तुम्ही कोणाकडे बघताय हे मला कळलं नव्हतं. शेवटच्या डावात आणखी काही बाण सुटले, पट्टी निम्म्याच्या खाली गेली, पण संपली नाही. सलामीचे चार बाण तिनं एकेक करून उचलले आणि हलगी थांबली. खालून काकू ओरडल्या, "झालं का गं तुमचं?" ती घामानं निथळत होती. मी पाणी पुढे केलं. ते घेतलं नाही तिनं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा लाव." एकदाचीच बोली होती याची मी आठवण करून दिली नाही. एकूण चार वेळा झालं. जाताना दिवाळीचा डबा घेऊन गेली. दाराशी थांबून म्हणाली, "मामांचं मात्र राहिलं बघ," आणि मी म्हटलं, हो, राहिलं.

हा चार्ट मी उद्या सगळ्यांसाठी खुला करणार आहे, सोपी पातळी सगळ्यांत वर ठेवून. माझे ते गुडघेवाले दोस्त विचारतील की रिकाम्या जागा का, चूक राहिली का. विचारू देत, मी एक घर भरणार नाही. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, तुम्ही राहायचात ती चाळही आता तिथे नाही. वहीतच ठेवते, बैठकीच्या पानात.

एक राहिलं. ती गेल्यावर मी स्वतः पॅडवर उभी राहिले. सोपी पातळी, बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं आपणही करून बघावं, बत्तिसांतली एक म्हणून. बैठक आली, मी बसले, उठले, आणि दुसऱ्या घरालाच माझा पाय पुढच्या बाणावर पडला. पडदा रिकामा होता, समोर दिसत होता, आणि तो चार्ट मीच केला होता. हे यंत्र रिकाम्या घरात पडलेल्या पावलाचे गुण कापत नाही, त्यामुळे पट्टी भरलेलीच राहिली आणि शेवटी शाबासकीसुद्धा मिळाली. तिन्ही बैठकींना तसंच झालं, सर. उद्या चारनंतर पुन्हा उभी राहणार आहे, परवाही, जमेपर्यंत. तिला हे सांगितलेलं नाही.